शर्यतीच्या वाटेवरचं गूळपाणी

आमचे घरमालक टीव्ही बघत नसत, टीव्हीशी भांडत. मी नर्स म्हणून त्या रानातल्या वाडीवर गेले, तेव्हा पहिल्याच रविवारी शेजारच्या सोप्यातला आरडाओरडा ऐकून धावत बाहेर आले. वाटलं, कुणाची तरी मारामारी जुंपली, आता फुटलेलं डोकं शिवायला मीच. बघते तर म्हातारा एकटाच घोंगडीवर बसलेला आणि समोर पडद्यावर लांबट, बुटक्या मोटारी सुसाट धावताहेत. म्हातारा त्यांच्यावर हात उगारून ओरडत होता, "आरं, म्होरल्यालाच किती दावशीला? मागल्याला दावा की! तो पण कुनाचा तरी ल्योकच हाय न्हवं?"

सगळी वाडी त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणू लागले. कानडी मुलखातल्या गुंद गावाच्या पुढे डांबर संपतं आणि जीपच्या चाकोऱ्या तेवढ्या उरतात, तिथे त्यांचं घर. खाली भाताची खाचरं, मागे थोडी सुपारी, आणि अंगणाच्या कडेला एक अवाढव्य फणस. त्या घराची एका बाजूची खोली मला भाड्याने मिळाली होती. उपकेंद्र हाकेच्या अंतरावर होतं आणि आप्पांचा आवाज उपकेंद्राच्याही पलीकडे जायचा.

आता रानातल्या शेतकऱ्याला मोटारींच्या शर्यतीचं वेड कसं लागलं? तर फणसामुळे. आप्पांच्या जावयाने रामनगरहून टीव्हीची एक जुनी मोठी छत्री आणून गोठ्यावर बसवून दिली होती. पण छत्रीच्या तोंडासमोर नेमका फणस. जावयाने छत्री किती फिरवली, तरी खेळांचं एकच चॅनेल स्वच्छ लागायचं, बाकी सगळीकडे मुंग्या. जावई म्हणाला, दोन फांद्या उतरवल्या की बातम्या, सिनेमे, देवाधर्माचं, सगळं दिसेल. आप्पांनी कोयता लपवून ठेवला. "फनस माझ्या बापानं लावला, टीव्ही तू आणलास. मोठं कोण?" असं विचारून त्यांनी जावयाचं तोंड बंद केलं. मग त्या चॅनेलवर जे लागेल ते त्यांनी बघायचं ठरवलं, आणि रविवारी तिथे मोटारींची शर्यत लागायची. काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांच्या बापानं फनस लावला आन माझ्या कपाळाला हे घर्रघर्र आलं."

शर्यतीवर त्यांच्या तक्रारी एक का दोन! एवढं तेल जाळून माणसं परत निघाल्या जागीच येतात, ह्याचा त्यांना पहिल्यापासून संताप. "आमच्या घाण्याचा बैल बरा. गोल फिरतो, खरं तेल काडून देतो. हे तेल घालून फिरतात!" जिंकलेला खेळाडू बाटली हलवून फेस उडवायला लागला की ते उठून उभे राहायचे. "प्यायाचं ते अंगावर वततंय बेनं! आयबापानं शिकवलं न्हाई काय?" एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडायची. मधेच मोटार बाजूला येऊन थांबते, माणसांचं टोळकं तिच्यावर तुटून पडतं आणि क्षणात चाकं बदलून तिला वाटेला लावतं, ती. "ही बगा, बाई, ही खरी इर्जिक," ते मला मुद्दाम बोलावून दाखवायचे. "एकाच्या कामाला समदे. ह्यांना जेवान कोन घालतंय पन?" मी म्हणायचे, पगार मिळतो त्यांना. ते पटायचं नाही. इर्जिकीला पगार कुठे असतो? आणि मग हळूच टोमणा, "एका चाकाला एवडी मानसं. आन आमच्या आख्ख्या रानाला तुमी एकल्या."

हे ऐकून मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं, कारण ते खरंच होतं.

आता पाण्याची गोष्ट. त्या घराच्या अंगणातूनच वाडीची वाट जायची, आणि अंगणातून जाणाऱ्या कुणालाही गूळपाणी न घेता जाता येत नसे. आपल्याकडे आल्यागेल्याला पाणी देतात, त्यात नवल नाही. पण आप्पांचं देणं म्हणजे अडवणूक होती. बांगड्यावाली, फॉरेस्टचा गार्ड, गणतीला आलेला मास्तर, म्हैस हुडकत निघालेला गवळी, सगळ्यांना तांब्या आणि गुळाचा तुकडा. कुणी "घाई आहे" म्हणालं की आप्पा वाटेत उभे. "घाई हाय तर ह्या अंगणातनं कशाला आलास? रानातनं जायाचं की!" एकदा बाळंतपणाचा निरोप आला म्हणून मी पिशवी घेऊन धावत निघाले, तर हा माणूस तांब्या घेऊन आडवा. मी अशी काही भडकले की विचारू नका. चालता चालता घोट घेतला, गूळ तोंडात टाकला, आणि पुढे दिवसभर पाण्याचा थेंब मिळाला नाही तेव्हा त्या घोटाची आठवण काढली. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच त्यांना तोरा कमी नव्हता.

सुगी आटोपली, खाचरं मोकळी झाली, आणि एक दिवस दोन जीपगाड्या अंगणात येऊन थांबल्या. त्यातून टोपी घातलेला, हातात वॉकीटॉकी धरलेला एक साहेबी माणूस उतरला आणि त्याच्यामागून माईक घेतलेली एक मुलगी. रानातून गाड्यांची शर्यत जाणार आहे, ती टीव्हीवर दाखवणार आहेत, आणि वाट आप्पांच्या खळ्यावरून, अंगणाच्या कडेने काढायची आहे, असं त्यांचं म्हणणं. पंचायतीने होकार दिलेला होता, आप्पांचा तेवढा हवा होता. गूळपाणी घेऊन झाल्यावर आप्पांनी विचारलं, "कुटल्या च्यानलावर?" मुलीने नाव सांगितलं. त्या फणसातून दिसणारं तेच ते चॅनेल! म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की काकीसुद्धा पदराआड हसल्या.

टोपीवाल्याने मोबदल्याचं काढलं, तर आप्पांनी हात झाडले. म्हणाले, "आमच्या वाडीचं नाव घ्या टीव्हीवर. नकाशात बगून साहेबलोक म्हनतात, तिथं नुसतं रान हाय, मानसं न्हाईतच. एकदा नाव घ्या, म्हंजे कळंल आमी हाय म्हनून." मुलगी म्हणाली, "नक्की घेऊ, आजोबा." मी तिथेच उभी होते. हा शब्द दिलेला मी माझ्या कानांनी ऐकला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी काकींनी अंगण शेणाने सारवून घेतलं. घासूनपुसून तांब्याची कळशी बाहेर आली, गुळाची ढेप फोडली गेली. मी विचारलं, हे कशाला? तर आप्पा म्हणाले, "पावणे येणार न्हवं?" मी समजावलं, अहो आप्पा, शर्यतीच्या गाड्या थांबत नसतात. त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच टीव्ही बघितलेला नाही. "थांबत न्हाईत? आन चाकं बदलायला थांबतात ते? ढिम्म हुबी ऱ्हाती की गाडी! चाकासाटी थांबतात, मग पान्यासाटी थांबायला काय झालं?" मी म्हटलं, ती जागा वेगळी असते. ते म्हणाले, "मग ही आमची जागा."

दुसऱ्या दिवशी धुरळ्याचे लोट उडवत गाड्या आल्या. वाडीतली सगळी माणसं बांधावर जमली होती. कॅमेरावाला खळ्याच्या कोपऱ्यात चौरंगाएवढ्या दगडावर चढून उभा होता. आप्पा धुवट धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात गुळाचा तुकडा घेऊन वाटेच्या कडेला. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. आप्पा दर गाडीला तांब्या पुढे करायचे आणि धुरळा खायचे. त्यांचं तोंड हळूहळू लाल होत चाललं. घरात आलेला पाहुणा तोंड फिरवून जावा, तसं त्यांना झालं असणार.

पेंढ्याच्या गंजीपाशी वाट एकदम वळत होती आणि तिथे सगळ्याच गाड्यांना वेग कमी करावा लागत होता. पुढची गाडी वळणावर हळू झाली आणि आप्पा सरळ तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, गुळाचा हात वर करून. काकी किंचाळल्या. गाडी करकचून थांबली. आतला पोरगा आधी काहीतरी ओरडला. मग त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं, डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि हात पुढे केला. त्याने तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. घटाघट सगळं पाणी प्यायला. घामाने निथळत होता बिचारा. गूळ तोंडात टाकला आणि चक्क मराठीत म्हणाला, "लय गोड आहे, आजोबा." हात जोडले आणि गेला. हे सगळं कॅमेरावाल्याने टिपलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाडीने बघितलं.

त्या दिवशी आप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. "बाकीचे बिनआयबापाचे. हा घरंदाज," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

पुढच्या रविवारी तो कार्यक्रम लागणार होता. सोप्यात माणसं मावेनात, पोरं खिडकीला लोंबकळत होती. आधी आमचं रान दिसलं, खाचरं दिसली, आणि हिंदीत बोलणारा बाबा म्हणाला की ह्या घनदाट जंगलात गाड्यांपुढे निसर्गाचं आव्हान आहे आणि माणसांचंही. माणसांचंही म्हणजे काय, हे मला कळेना. मग वाडीचं नाव आलं! अगदी स्पष्ट, ठासून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजत असतानाच पडद्यावर आप्पा आले. हात वर केलेले, तोंड लालबुंद. चित्र तिथेच थांबवलं. आप्पांच्या मुठीभोवती एक तांबडं वर्तुळ काढलं. आणि तो बाबा म्हणाला, ह्या गावात एक माणूस दगड घेऊन गाडीवर चालून आला.

दगड!

पाणी कुठेच नव्हतं. तांब्या चित्राबाहेर कापला होता. घटाघट प्यायलेलं, हात जोडलेले, सगळं छाटून टाकलेलं. नंतर तो पोरगा दिसला, तोंड पुसत, माईकपुढे. त्याचा नंबर मागे पडला होता. तो म्हणाला की मला लोकांनी अडवलं, माणसाच्या हातात दगड होता, मी घाबरलो, माझा वेळ गेला, तो भरून द्यावा. म्हणजे आमच्या अंगणातल्या गुळाचा गोडवा जिभेवर असताना हा बोलला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून जाते.

कुणीतरी पोर म्हणालं, "आप्पा, तो गूळ व्हता की." टीव्हीशी न भांडता आप्पा गप्प बसलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. वाडीतली पोरं रामनगरला कामाला जायची, त्यांना तिथे "काय रे दगडवाले" म्हणून हाका मारायला लागले. ज्या वाडीचं नाव जन्मात कुणी घेतलं नव्हतं, ते आता असं घेतलं जाऊ लागलं. वर शर्यतवाल्यांनी तक्रार केली, आणि आप्पांना जोयड्याला तालुक्याच्या साहेबांपुढे बोलावणं आलं. पंचायतीतला एक शहाणा मला म्हणाला, "माफी मागून मोकळं व्हायला सांगा म्हाताऱ्याला." मी हे सांगितल्यावर आप्पा उसळले. "गूळ दिल्याची माफी? मेलो तरी मागनार न्हाई." मला इतकं बरं वाटलं! मी रजा टाकली. म्हटलं, मी येते साक्षीला. त्या साहेबांपुढे मी अशी तोफ डागते की टोपीवाल्याची टोपी उडाली पाहिजे. प्रश्न एकट्या आप्पांचा नव्हता, वाडीच्या तोंडाला फासलेलं काळं पुसायचं होतं.

सकाळच्या बसने आम्ही निघालो. कचेरीत टोपीवाला आला होता, आणि तो पोरगाही. आप्पांकडे त्याने बघितलं नाही. साहेब कन्नडमधून बोलत होते, ते आम्हा सगळ्यांना समजायचं; माणूस सरळ वाटला. त्यांनी लॅपटॉपवर ते चित्र लावलं आणि पोराला विचारलं, दगडच होता का? तो पुटपुटला, "तसं वाटलं, सर." मग मी उठले. मी तांब्यापासून गुळापर्यंत सगळं सांगितलं. पाणी प्यायला, हात जोडले, लय गोड म्हणाला, सगळं. साहेब टोपीवाल्याला म्हणाले, मग तेवढाच भाग कसा नाही? टोपीवाला म्हणाला, तो कामाचा नव्हता, कापला. कामाचा नव्हता! मी दातओठ खाल्ले.

साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि आप्पांकडे वळले. त्यांनी विचारलं, "आजा, तुम्ही सांगा. हा तुमचं पाणी प्यायला की नाही? तुम्ही हो म्हणालात, तर हा खोटं बोलला असं मी धरतो, मग तक्रार ह्याच्यावरच उलटेल." पोराचा चेहरा पांढराफटक पडला. आमचं गाव, आमचं नाव, पोरांचे टोमणे, सगळं आता म्हाताऱ्याच्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द खरा होता. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं.

आप्पांनी पोराकडे बघितलं. मग म्हणाले, "सायब, गाडीच्या आडवा मी आलो. ती चूक माझी. माफी मागतो."

"आणि हातात काय होतं?"

"काय बी आसंल. आडवा आलो, ते खरं."

मी मध्ये बोलायला गेले, तर त्यांनी हाताने मला खाली बसवलं. टोपीवाला खूश झाला. झालं, मिटलं, म्हणून साहेबही दुसऱ्या कामाला लागले. मी कचेरीची पायरी उतरले ती रडत. रागाने. बसस्टँडपर्यंत मी ह्या माणसाला काय काय बोलले! तुम्ही एकट्याचं नाही, सगळ्या वाडीचं नाक कापलंत. तो तुमच्या तोंडावर खोटं बोलला आणि तुम्ही त्याला वाचवलंत. आता आमची पोरं जन्मभर दगडवालीच. खाल्ल्या मिठाला तो जागला नाही, तर तुम्हाला काय पडलं होतं?

आप्पा खाली बघत चालत होते. म्हणाले, "बाई, तो आमच्या दारात पानी प्याला. त्याला दुसऱ्याच्या दारात खोटा पाडू व्हय मी?"

"तो तुम्हाला पाडतो ते चालतं?"

"त्याचं त्यानं बगावं. माझं मी बगितलं."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. असल्या चांगुलपणावरच खोटी माणसं पोसली जातात, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकून बाकावर बाजूला बसले. ऊन रणरणत होतं. बस यायची होती. सकाळपासून आप्पांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, ओठ सुकून फुटले होते, ते मला दिसत होतं, पण रागाच्या भरात मी उठले नाही.

तेवढ्यात तो पोरगा धावत आला. हातात दुकानातून घेतलेली थंडगार पाण्याची बाटली, बाहेरून दव धरलेली. डोळे लाल झाले होते. "आजोबा, मला माफ करा," तो म्हणाला. "मला वेळ भरून पाहिजे होता. निदान हे पाणी तरी घ्या."

आप्पांनी बाटलीकडे बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "ऱ्हाऊ दे तुज्याजवळ. लांबचा पल्ला हाय, वाटंत लागंल," म्हणाले. पोरगा किती वेळ बाटली पुढे धरून उभा होता. शेवटी बस आली, आम्ही चढलो, आणि तो तसाच खाली राहिला.

बस सुटली तरी मला राहवेना. मी म्हटलं, "आप्पा, तहानेने जीव चाललाय तुमचा. त्याला वाचवायला तयार, मग त्याचं पाणी प्यायला काय झालं होतं?"

आप्पांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"त्याचं पानी प्यालो आसतो, तर त्याच्यावर रागवायचं सोडावं लागलं आसतं," ते म्हणाले. "आन मला अजून लई रागवायचं हाय, बाई."